गव्हाणी घुबडाचं जेवण ठरवते ती जमीन

पक्ष्यांच्या बहुतेक पुस्तकांत गव्हाणी घुबडाच्या पानावर खाद्याच्या रकान्यात ‘उंदीर’ एवढं लिहिलेलं असतं आणि लेखक पुढच्या पक्ष्याकडे वळतो. मला तो एक शब्द फार दिवसांपासून सलतोय. उंदीर म्हणजे नेमका कुठला? गवताच्या बुडाशी बोगदे करणारा आखूड शेपटीचा व्होल? वाळवंटात मागच्या दोन पायांवर उड्या मारत जाणारा जर्बोआ? तेलताडाच्या मळ्यात फळांवर पोसलेला उंदीर, की गव्हाच्या शेतातला घरउंदीर? आणि भर समुद्रातल्या ज्या खडकावर उंदीर फारसे उरतच नाहीत, तिथे हेच घुबड काय करतं? अंटार्क्टिका सोडला तर प्रत्येक खंडावर हा पक्षी आहे. आता अनेक अभ्यासक त्याच्या युरोप-आफ्रिकेतली, अमेरिकेतली आणि दक्षिण आशिया ते ऑस्ट्रेलियातली अशा तीन वेगळ्या जाती मानतात. एवढ्या पसाऱ्याचं जेवण एका शब्दात कसं मावेल?

एका संग्रहालयाच्या सस्तन प्राणी विभागात मी स्वयंसेवक म्हणून बसते आणि पेलेट उलगडते. घुबड शिकार शक्यतो अख्खी गिळतं. मांस पचतं, आणि केस व हाडं यांची घट्ट गोळी करून ते तोंडावाटे बाहेर टाकतं. ती गोळी म्हणजे पेलेट. ताजी असताना ती काळीभोर आणि लाळेच्या मुलाम्याने चकचकीत असते, वाळली की राखाडी पडते. गव्हाणी घुबडाची पेलेट साधारण चार-पाच सेंटिमीटर लांब भरते आणि बहुधा तीन ते पाच जीव तिच्यात असतात. गरुड-ससाण्यांच्या पेलेटमध्ये हाडांचा बराच चुरा झालेला असतो, कारण त्यांच्या जठरातलं आम्ल जहाल. घुबडाचं त्या मानाने सौम्य. म्हणून कवट्या, जबडे, अगदी बरगड्यासुद्धा शाबूत मिळतात. एका पक्ष्याने रात्री काय खाल्लं ते दिवसा टेबलावर मांडून बघता येणं ही मला अजूनही विलक्षण गोष्ट वाटते.

ज्या बाईंनी मला हे काम शिकवलं त्या म्हणायच्या, ‘‘आधी दात बघ, मग नाव घे.’’ पसरट ताटलीत कोमट पाणी घ्यायचं, पेलेट त्यात सोडायची आणि केस आपणहून सुटू द्यायचे. घाई करून ओढलं की नाजूक कवटीचा मागचा भाग फुटतो. मग चिमट्याने खालचे जबडे वेचायचे, डावे एकीकडे, उजवे दुसरीकडे. पाच डावे, चार उजवे आणि तीन कवट्या निघाल्या तर जीव किमान पाच. त्यानंतर भिंग. व्होलच्या दाढा वरून पाहिल्या की इनॅमलच्या त्रिकोणांची नागमोडी नक्षी दिसते. इतर उंदरांच्या दाढांवर गोलसर उंचवटे असतात. घरउंदराचा वरचा पटाशीचा दात बाजूने धरला की टोकाच्या आतल्या अंगाला एक खाच स्पष्ट दिसते. जर्बिल म्हणजे कोरड्या जमिनीत राहणारा उंदरासारखा प्राणी, त्याच्या वरच्या पटाशीच्या दातावर उभी चर असते आणि ती नखालाही लागते. चिचुंदरी तर लगेच ओळखू येते. तिची कवटी लांबट, टोकदार असते, गालाची कमान नसते आणि दातांच्या रांगेत उंदरांसारखी मोकळी जागा नसते. युरोपातल्या काही चिचुंदऱ्यांच्या दातांची टोकं विटकरी लाल असतात, कारण त्या इनॅमलमध्ये लोह असतं. भिजलेल्या राखाडी केसांच्या लगद्यातून तो लाल ठिपका वर आला की मी आजही हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघत बसते.

आमच्या कपाटात देशोदेशींच्या पेलेटची पाकिटं आहेत आणि ती शेजारी शेजारी उघडली की ‘उंदीर’ हा शब्द गळून पडतो.

सुरुवात ब्रिटनपासून करते, कारण तिथला अभ्यास जुना आणि दांडगा आहे. तिथल्या गव्हाणी घुबडाचं जगणं बहुतांशी शेतव्होलवर चालतं. खालोखाल चिचुंदरी आणि रानउंदीर. शेतव्होलला लागतं न कापलेलं, न चरलेलं गवत, ज्याच्या बुडाशी वाळक्या पात्यांचा जाड थर साचलेला असतो. त्या थराखाली त्याच्या वाटा असतात. कुरण दरवर्षी कापलं किंवा मेंढ्यांनी जमिनीसरशी खाल्लं तर थर जातो, थरासोबत व्होल जातो आणि व्होलसोबत घुबड. विणीच्या काळात जोडी घरट्यापासून साधारण एक-दोन किलोमीटरच्या टापूतच शिकार करते. तेवढ्यात असं गवत किती आहे यावर पिल्लं जगणार की नाही ते ठरतं. वजनाचं गणितही बघा. व्होल वीस-तीस ग्रॅमचा, चिचुंदरी सात-आठ ग्रॅमची. पेलेटमध्ये चिचुंदऱ्या वाढल्या तर संख्या फुगलेली दिसते, पण घुबडाला तेवढ्याच पोटासाठी तिप्पट फेऱ्या मारायला लागलेल्या असतात. म्हणून नुसत्या डोक्यांच्या मोजणीवर माझा विश्वास नाही, वजनात मांडल्याशिवाय ती पुरी होत नाही.

शेतव्होलची संख्या अनेक ठिकाणी तीन-चार वर्षांच्या फेऱ्यात चढते-उतरते आणि घुबडाची वीण तिच्या मागोमाग जाते. २०१३चा मार्च ब्रिटनमध्ये बोचऱ्या थंडीचा आणि बर्फाचा गेला. गव्हाणी घुबडाच्या अंगावर चरबी फारशी नसते. बर्फाखालची खसखस त्याच्या कानांवर नीट येत नाही. शिवाय त्या वर्षी व्होलही कमी होते. मेलेली घुबडं मोठ्या संख्येने सापडली आणि वीण जेमतेम झाली. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, व्होल वाढले आणि घरटी पिल्लांनी भरली. अशा चांगल्या वर्षी पिल्लांच्या शेजारी न खाल्लेल्या व्होलांची रास लागलेली असते.

आता आयरिश समुद्र ओलांडायचा. पक्षी तोच, हवामान जवळजवळ तेच, पण आयर्लंडमध्ये शेतव्होल कधी पोहोचलाच नाही. ब्रिटनमधली नेहमीची चिचुंदरीही तिथे नाही. त्यामुळे तिथलं घुबड रानउंदीर, घरउंदीर, मोठा तपकिरी उंदीर आणि जेमतेम तीन ते सहा ग्रॅमची खुजी चिचुंदरी यांवर जगत आलं. म्हणजे शेजारच्या बेटावर ज्या प्राण्याशिवाय याचं पान हलत नाही, तो प्राणीच इथे नसताना याने संसार केला. १९६४ मध्ये नैर्ऋत्य आयर्लंडमध्ये बँक व्होल नावाचा दुसरा व्होल आढळला. माणसाच्या सामानातून आलेला. तो घुबडाच्या जेवणात शिरला. मग २००७ मध्ये टिपेररी आणि लिमरिक परगण्यांतल्या गव्हाणी घुबडांच्या आणि खरुची ससाण्यांच्या पेलेटमधून मोठ्या, पांढऱ्या दातांच्या चिचुंदरीच्या कवट्या निघाल्या. आयर्लंडमध्ये हा प्राणी आहे हे त्याआधी कोणालाही माहीत नव्हतं. एका अख्ख्या देशात नवीन सस्तन प्राणी आल्याची बातमी घुबडाच्या उलटीने दिली! मला ही गोष्ट सांगताना दरवेळी भरून येतं. कोणीतरी माझ्यासारखंच भिंग लावून बसलं असेल, लाल टोकांच्या दातांची सवय झालेल्या डोळ्यांना अचानक पांढरी टोकं दिसली असतील.

त्या बातमीला दुसरी बाजूही आहे. ही नवी चिचुंदरी जिथे जिथे पसरते तिथून खुजी चिचुंदरी नाहीशी होते. घुबडाला मात्र एका झडपेत जास्त मांस मिळतं. घुबडाच्या दृष्टीने हा फायदा, तिथल्या मूळच्या चिचुंदरीच्या दृष्टीने संकट, आणि दोन्ही एकाच पेलेटमध्ये वाचायला मिळतं.

इथे ‘नैसर्गिक आहार’ या शब्दांशी माझी अडखळ सुरू होते. ऑस्ट्रेलियाचं पाकीट घ्या. तिथल्या गहू-पट्ट्यातल्या पेलेट उलगडल्या की घरउंदरांचे जबडे मुठीमुठीने निघतात. घरउंदीर हा ऑस्ट्रेलियाचा प्राणी नव्हेच, तो युरोपीय जहाजांतून उतरला. त्याच्या धाडी येतात तेव्हा, जशी २०२१ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या शेतांवर आली होती, घुबडांना अन्नाचा तोटा राहत नाही. पण आत, खंडाच्या कोरड्या पोटात जा. तिथे पाऊस चांगला झाला की लांब केसांचा देशी उंदीर बेसुमार वाढतो, घुबडं तिकडे गोळा होतात, एकामागून एक वीण घेतात आणि उंदीर ओसरले की उपासमारीने मरतात. हे माणसाच्या कुठल्याही गलबताच्या आधीपासून चालत आलेलं असणार. मग या पक्ष्याचा खरा आहार कुठला, गव्हातला की वाळूतला? माझं मत विचाराल तर दोन्ही. घुबडाला प्राण्याच्या मूळ गावाशी देणंघेणं नाही. रात्री, उघड्यावर, जमिनीलगत आणि आवाज करत फिरणारा पेलवेल एवढा जीव त्याला पुरतो.

हे जे आवाजाचं म्हणतेय, ते रॉजर पेन यांनी पक्कं करून दाखवलं. पुढे कुबड्या देवमाशांच्या गाण्यांमुळे ते जगाला माहीत झाले, पण त्याआधी त्यांनी गव्हाणी घुबडावर काम केलं. पूर्ण काळोख्या खोलीत, जमिनीवर पाला पसरून त्यात उंदीर सोडला, तरी घुबड नेमकं त्याच्यावर झेप घ्यायचं. उंदराऐवजी कागदाचा बोळा दोरीने ओढला तर बोळ्यावर. बोळ्याला उंदराचा वास नव्हता, अंगाची ऊब नव्हती, घुबडाला पुरली ती सळसळ. त्याच्या दोन कानांची भोकं डोक्यावर एका रेषेत नसतात, एक वर आणि एक जरा खाली असतं, म्हणून आवाज किती उंचीवरून आला तेही त्याला कळतं. आता या कानांनी कोणते प्राणी टिपले जातील याचा विचार करा. दिवसा फिरणाऱ्या खारी जवळजवळ नाहीत. दाट जंगलात झाडांवर राहणारे प्राणी क्वचित. गवत, पाला, पेंढा यांतून खसखसत जाणारे मात्र हमखास. चिचुंदऱ्या तर सतत चिरचिरत फिरतात. त्यांच्या अंगाच्या दर्पामुळे मांजर त्यांना मारून टाकून देतं. घुबड मात्र आनंदाने गिळतं. म्हणून ‘हे घुबड समोर येईल ते खातं’ असं जे म्हणतात ते मला अर्धवट वाटतं. त्याच्या कानांना आणि पंखांना झेपेल त्या चाळणीतून जमीन जे पाठवते ते ते खातं.

कोरड्या प्रदेशांची पाकिटं मला सगळ्यांत आवडतात. इस्रायलच्या शेतीच्या खोऱ्यांत घुबडाच्या जेवणात तिथला लेव्हांत व्होल आणि घरउंदीर भरपूर, पण दक्षिणेला नेगेव्ह वाळवंटाकडे सरकलं की जर्बिल आणि जर्बोआ वर येतात. अंतर काही तासांच्या प्रवासाचं, कवट्यांचा ढीग मात्र संपूर्ण वेगळा. या वाळवंटी प्राण्यांच्या कवटीला मागे दोन मोठे, पोकळ फुगीर भाग असतात. ते मधल्या कानाचं घर. बोटांच्या टोकांत धरलं तर कागदासारखं हलकं लागतं. उत्तर अमेरिकेतल्या कांगारू उंदरांतही तेच. डग्लस वेब्स्टर यांनी १९६२ मध्ये दाखवलं की या मोठ्या कानांमुळे कांगारू उंदराला झेपावणाऱ्या घुबडाच्या पंखांचा अगदी मंद, खालच्या पट्टीतला आवाज ऐकू येतो आणि तो ऐन क्षणी उडी मारून निसटतो. पंखांची पिसं इतकी मऊ, उड्डाण इतकं निःशब्द, तरी त्याला ऐकणारा कान वाळवंटाने घडवला. आणि मी तो कान पेलेटमधून काढते, म्हणजे त्या रात्री त्याची उडी जरा उशिरा पडली.

अमेरिकेतही एकच चित्र नाही. ओलसर गवताळ भागात व्होल, दक्षिणेत कापूस-उंदीर, किनाऱ्यावरच्या दलदलीत भात-उंदीर. कॅलिफोर्नियाच्या द्राक्षमळ्यांत गोफर येतो. तो जन्मभर जमिनीखाली राहणारा, तरी रात्री बिळाच्या तोंडाशी माती लोटायला येतो आणि तिथेच सापडतो. दक्षिण अमेरिकेत अँडीजच्या दक्षिण उतारांवरच्या जंगलांत कित्येक दशकांनी एकदा बांबू फुलतो, बियांचा सडा पडतो आणि लांब शेपटीचे इवले भात-उंदीर अफाट वाढतात. हाच उंदीर माणसाला जीवघेणा ठरणारा हंताविषाणू वाहतो. तिथलं घुबड तो रोजच खातं.

मग मळे. मलय द्वीपकल्पात गव्हाणी घुबड पूर्वी दुर्मीळ होतं. घनदाट जंगलात त्याला काम नव्हतं. जंगल तोडून तेलताड लागले, ताडाची फळं खाणारे उंदीर वाढले आणि १९६०च्या दशकाच्या शेवटापासून घुबडं तिथे वसू लागली. ढोली नव्हत्या म्हणून मळेवाल्यांनी पेट्या लावल्या. तिथल्या पेलेट उलगडायला अवघड नाहीत. उंदीर, उंदीर आणि परत उंदीर. चिचुंदरी, पक्षी, बेडूक, सगळं मिळून अगदी किरकोळ. माझ्या दृष्टीने हे सगळ्यांत उदास पाकीट आहे. जमिनीवर एकच झाड लावलं की जेवणातही एकच प्राणी उरतो. दक्षिण आशियातल्या भातशेतीत त्या मानाने वैविध्य आहे. तिथे घूस, मऊ केसांचा शेत-उंदीर, जर्बिल, छोटा शेत-उंदीर असे चार-पाच प्रकार मिळतात आणि वस्तीजवळ चिचुंदरीही. घूस पूर्ण वाढली की घुबडाला जड जाते. म्हणून मिळणारे घुशीचे जबडे बहुधा अर्धवट वाढलेल्यांचे असतात. दाढा अजून झिजलेल्या नसतात आणि मांडीच्या हाडांची टोकं जुळलेली नसतात, बोटाने दाबली तर सुटी होतात.

आता बेटं. इथे मला जरा जास्त बोलायचंय.

केप व्हर्द बेटांवर गव्हाणी घुबड घरउंदरांसोबत पाली आणि समुद्रपक्षी खातं. गालापागोसवर उंदरांच्या बरोबरीने मोठे टोळही त्याच्या पेलेटमध्ये निघतात. टोळाच्या पायांचे काटे आणि जबड्यांचे तपकिरी तुकडे, हाडांच्या सवयीच्या हाताला ते फार परके लागतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडचं सांता बार्बरा बेट तर धडा म्हणून शिकवावं असं आहे. तिथे जमिनीवरचा सस्तन शिकार-प्राणी एकच, हरीण-उंदीर. त्याची संख्या भरात असते तेव्हा घुबडं त्याच्यावर जगतात. ती कोसळली की त्याच बेटावर कपारींत घरटी करणाऱ्या मरलेट या चिमुकल्या समुद्रपक्ष्यांकडे वळतात. घुबड तेच, बेट तेच, तरी वर्षागणिक पेलेट पालटते.

हे ठाऊक असतं तर हवाईत आणि सेशेल्समध्ये जे झालं ते टळलं असतं का, हा प्रश्न मला छळतो. हवाईत उसाच्या मळ्यांतले उंदीर मारायला म्हणून १९५८ पासून गव्हाणी घुबडं आणून सोडली. सेशेल्समध्ये त्याआधीच, १९४९च्या सुमारास, आफ्रिकेतून नेली. कारण पुस्तकातला तोच एक शब्द: उंदीर. सेशेल्समध्ये घुबडांनी शुभ्र कुररी या समुद्रपक्ष्यांकडे मोर्चा वळवला. या कुररी रात्री उघड्या फांदीवर बसतात, अंधारात पांढऱ्या दिसतात आणि लाखो वर्षांत त्यांनी असा शत्रू पाहिलेला नाही. उंदीर मात्र लपायला सरावलेला. शेवटी त्याच घुबडांना मारण्यासाठी बक्षीस लावायची वेळ आली. हवाईतल्या काउआई बेटावर आज ती दुर्मीळ पेट्रेल आणि शिअरवॉटर पक्ष्यांना मारतात. हे पक्षी जमिनीतल्या बिळांत घरटं करतात, रात्रीच ये-जा करतात आणि येताना आवाज देतात. म्हणजे घुबडाच्या चाळणीतून नेमके पार होणारे. घुबडाचा यात काडीचा दोष नाही. ज्यांनी त्याला ‘उंदीर खाणारा पक्षी’ म्हणून पिंजऱ्यात घालून नेलं, त्यांनी तो कुठल्या जमिनीवर उंदीर खातो हे विचारलं नाही.

एकेका पक्ष्याच्या सवयीही असतात. चिमण्या झोपायला जमतात अशा झुडपाजवळ एखादं घुबड पाठोपाठ चिमण्याच खातं. वटवाघळांच्या मोठ्या वसाहतीशेजारी राहणारं एखादं वटवाघळं पकडायला शिकतं. स्वित्झर्लंडमध्ये अलेक्झांडर रूलँ यांनी वर्षानुवर्षं गव्हाणी घुबडांचा अभ्यास केला आहे. त्यात असं दिसलं की पोटाकडे तांबूस रंगाची घुबडं व्होल जास्त आणतात आणि पांढुरकी रानउंदीर जास्त. २०१९ मध्ये त्यांच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. पौर्णिमेच्या उजेडात तांबूस घुबडांची शिकार कमी होते, पांढऱ्यांची फारशी नाही, कारण चांदण्यात चमकणारा पांढरा पक्षी अंगावर आला की व्होल जागच्या जागी थिजून जास्त वेळ बसतो. म्हणजे एकाच गवताळ टापूत, एकाच रात्री, शेजारी राहणाऱ्या दोन घुबडांचं जेवण पिसांच्या रंगावरून बदलू शकतं. हे वाचलं त्या दिवसापासून मी पाकिटावर पक्ष्याचा रंग लिहिलेला आहे का ते आधी शोधते. बहुधा नसतो.

पेलेट म्हणजे त्या भागातल्या प्राण्यांची जनगणना नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. घुबडाची निवड तिच्यात मिसळलेली असते. तरीही सापळे लावून जे हाती लागत नाही ते ती देते. चिचुंदऱ्या अनेक सापळ्यांत शिरतच नाहीत, पेलेटमध्ये त्या ढिगाने असतात. आणि काळाचं म्हणाल तर अमेरिकेतल्या युटामधल्या ग्रेट सॉल्ट लेकजवळच्या होमस्टेड गुहेत घुबडांनी टाकलेल्या हाडांचे थर सुमारे तेरा हजार वर्षं मागे जातात. डोनाल्ड ग्रेसन यांनी ते थर अभ्यासले. हवामान कोरडं होत गेलं तसे ओलावा लागणारे प्राणी थरांतून कमी होत गेले आणि कांगारू उंदीर वाढत गेले. जमीन बदलली ती गुहेतल्या हाडांत उतरली.

आमच्या काळात घुबडाच्या जेवणात आणखी एक गोष्ट उतरतेय आणि ती भिंगातून दिसत नाही. ब्रिटनमध्ये मेलेल्या सापडलेल्या गव्हाणी घुबडांची यकृतं तपासली जातात. दहातल्या आठांहून अधिक पक्ष्यांत रक्त गोठू न देणाऱ्या उंदीरनाशकांचे अंश मिळाले आहेत. ब्रोडिफाकूम, ब्रोमाडायोलोन ही त्यांतली नावं. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि घुबडाला सोपा सापडतो. मलेशियातल्या ज्या मळ्यांनी पेट्या लावून घुबडं वाढवली, तिथेच १९८०च्या दशकात ही नवी, जास्त टिकणारी विषं आल्यावर घुबडं झपाट्याने घटल्याची नोंद आहे. पेटीही लावायची आणि विषही पेरायचं, याला माझ्याकडे समजुतीचा शब्द नाही. गवताची न कापलेली पट्टी ठेवणं पेटीइतकंच महत्त्वाचं आहे आणि ते बिनखर्चाचं आहे. जिथे शिकार-प्राणी नाही तिथे पेटी टांगून घुबड येत नाही.

कोणाला पेलेट सापडल्या तर माझी विनंती एवढीच. विणीच्या काळात घरट्याजवळ जाऊ नका, बसण्याच्या जागेखाली पडलेल्या तेवढ्या घ्या. हातमोजे घाला आणि गोळा केल्यावर काही दिवस डीपफ्रीजरमध्ये ठेवा. केसांवर जगणाऱ्या पतंगांच्या अळ्या पेलेटमध्ये हमखास असतात, त्या महिन्याभरात सगळ्याचा भुगा करतात. प्रत्येक जागेचं पाकीट वेगळं ठेवा. त्यावर तारीख लिहा, आणि तारखेच्या खाली आजूबाजूच्या एक-दोन किलोमीटरमध्ये काय आहे ते: उभं गवत, कापलेलं गवत, पीक कुठलं, पाणी किती लांब, वस्ती किती जवळ, विष टाकलं जातं का. घुबडाचा रंग दिसला असेल तर तोही. आमच्या कपाटात जुन्या जबड्यांचा एक सुंदर, धुतलेला, शाबूत डबा आहे. त्यावर फक्त ‘घुबड’ असं लिहिलंय, आणि त्यातून मला काहीही सांगता येत नाही.